कोल्हापुरात ख्रिस्ताच्या मागं चालताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुरुवारी संध्याकाळी आमच्या घरी शास्त्र-अभ्यासाला दहा-पंधरा माणसं जमतात. काही जुन्या ख्रिस्ती घरांतली, काही अलीकडं विश्वासात आलेली, काही नुसतीच ऐकायला येणारी. शिकायला म्हणून कोल्हापुरात आलेली केरळ-मिझोरामकडची दोन-तीन पोरंही असतात. माणसं बदलतात, प्रश्न तेच फिरून येतात. दर वेळी चहा गार होईस्तोवर तेच बोलायचं, त्यापेक्षा एकदा लिहून ठेवावं म्हटलं. मी शाळेत मराठी शिकवते, धर्मशास्त्राची पदवी माझ्याकडं नाही. त्यामुळं उत्तरांत शब्दांची चिरफाड जरा जास्त येईल, ती सोसून घ्या. मंडळ्यांमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या चर्चमध्ये, जिथं मतभेद आहेत तिथं तसं सांगितलंय, आणि माझं मतही लपवलेलं नाही.

हा गोऱ्यांचाच धर्म ना? इंग्रजांबरोबर आला आणि इथंच राहिला.

येशू पश्चिम आशियातला यहुदी. शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव पहिल्यांदा पडलं ते अंत्युखियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात. नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक उघडा आणि नुसता क्रम बघा. कूश देशाच्या राणीचा खजिनदार, आफ्रिकेतला माणूस, आठव्या अध्यायात बाप्तिस्मा घेतो. प्रेषित पौल युरोपात पाय ठेवतो तो थेट सोळाव्या अध्यायात. तिथं फिलिप्पै गावात पहिल्यांदा विश्वास ठेवणारी लुदियासुद्धा मूळची आशियातल्या थुवतीराची, जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी बाई. इथिओपिया आणि आर्मेनियाच्या राजांनी चौथ्या शतकात हा विश्वास स्वीकारला. केरळची सुरियानी मंडळी आपलं मूळ इ.स. ५२ मध्ये आलेल्या प्रेषित थोमाशी जोडतात. त्या परंपरेबद्दल इतिहासकार वाद घालोत, पण १४९८ मध्ये वास्को द गामा मलबारला उतरला तेव्हा ती मंडळी तिथं कित्येक शतकं नांदत होती, एवढं नक्की.

कोल्हापूरपुरतं बोलायचं तर इथं १८५२ साली मिशनचं काम सुरू केलं ते रॉयल वाइल्डर यांनी, आणि ते इंग्रज नव्हते, अमेरिकन होते. सत्तेची सावली त्या कामावर पडलीच नाही असं मी म्हणणार नाही. गोऱ्या कातडीचा दरारा तेव्हा होताच, आणि त्याचा फायदा मिशनला झाला. पण त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली इथं, कोल्हापुरात जन्मला. पुढं १८८६ पासून अमेरिकेतली कॉलेजं पालथी घालून त्यानं हजारो विद्यार्थ्यांना परदेशी सेवेसाठी उभं केलं. आपल्या गावातून तिकडंही काही गेलंय, हे आपल्याच लोकांना ठाऊक नसतं.

मग आमच्या चर्चमध्ये बाक, पांढरा झगा, ख्रिसमस ट्री, केक हे सगळं त्यांच्यासारखंच का?

ज्यांनी आणलं त्यांच्या भांड्यातून आलं म्हणून. दूध शेजारच्या घरून आलं की त्यांच्याच तांब्यातून येतं, आणि आपण तो तांब्या परत करायला विसरतो.

यात नवं काही नाही. पहिला मोठा वाद नेमका याच्यावरच झाला. ग्रीक लोक विश्वास ठेवायला लागले तेव्हा यहुदी विश्वासणाऱ्यांतले काही म्हणाले, आधी सुंता करा, मोशेचं नियमशास्त्र पाळा, मगच तुम्ही आमचे. यरुशलेमेत सगळे बसले, भरपूर बोलाचाली झाली (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५), आणि ठरलं की ग्रीक माणसाला आधी यहुदी व्हायची गरज नाही. मग कोल्हापूरकराला आधी अमेरिकन व्हायची गरज कुठून आली?

पण हे बोलून लोक टाळ्या वाजवायला लागले की मला लगेच पुढचं सांगावं लागतं. अँड्र्यू वॉल्स नावाचे ब्रिटिश इतिहासकार होते, २०२१ साली वारले. आफ्रिकेत शिकवता शिकवता त्यांच्या लक्षात आलं की शुभवर्तमान माणसाला दोन्हीकडं ओढतं. एकीकडं ते म्हणतं, तू आहेस तसा ये, तुझ्या भाषेत, तुझ्या घरात मी राहायला येतो. दुसरीकडं म्हणतं, तू वाटसरू आहेस, हे गाव तुझं शेवटचं गाव नव्हे, इथल्या काही रीती तुला सोडाव्याच लागतील. आपल्याला पहिली ओढ गोड लागते. दुसरी आली की आपण पास्टरवर रागावतो. खाली जातीचा प्रश्न येईल, तिथं बघा.

केकचं म्हणाल तर खुशाल खा. आमच्याकडं नाताळात करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या आणि केक एकाच ताटात असतात, आणि पहिली संपते ती चकली.

ख्रिस्ती झालं की मराठीपण सुटतं का?

मराठीपण सोडा, मराठी भाषेचंच बोलू. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि त्यानं मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण लिहिलं. ते १६१६ मध्ये छापलं गेलं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या चौदा वर्षं आधी. दहा हजारांवर ओव्या आहेत त्यात. परक्या देशातून आलेला माणूस ओवी शिकला, आणि आपली पोरं चर्चमध्ये 'प्रेज द लॉर्ड' म्हणत हात हलवतात. जुनी माणसं भेटल्यावर 'सलाम' म्हणायची. आता 'जय ख्रिस्त' म्हणतात. दोन्ही मला चालतात.

रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणायचे, मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो. त्यांनी तो पूल जाळला नाही, शेवटपर्यंत अभंगच लिहिले. पंडिता रमाबाईंनी तर केडगावात आयुष्याची शेवटची वर्षं मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणण्यात घातली. खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. १९२२ साली त्या गेल्या, तोवर काम हातावेगळं झालेलं होतं.

'तारण' म्हणजे नेमकं काय?

हा माझा आवडता प्रश्न, कारण तो एका आठ वर्षांच्या पोरानं विचारला होता. रविवारच्या शाळेत मी सांगत होते की येशू आपलं तारण करतो. हा गडी हात वर करून म्हणाला, "टीचर, आमच्या मम्मीच्या पाटल्यापण तारण आहेत. पतसंस्थेत." सगळा वर्ग हसला. मी हसले नाही, कारण मला उत्तर सुचत नव्हतं.

कोल्हापुरात कुठल्याही रस्त्यावर मान वर करून बघा, 'सोनेतारण कर्ज' अशी पाटी दिसतेच. मराठीत 'तारण' एकच शब्द, पण अर्थाच्या दोन टोकांना उभा. एक तारणं, म्हणजे बुडणाऱ्याला वर काढणं. दुसरं, कर्जापोटी ठेवलेली वस्तू. आपल्या शास्त्रातला अर्थ पहिला. ज्या गावानं २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी दुकानांच्या पाट्यांपर्यंत चढलेलं पाहिलं, आणि बोटीतून आलेल्या माणसाचा हात धरला, त्याला हा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही. बोटीत बसायला आपली लायकी लागत नाही, बोट यावी लागते. कृपा म्हणतात ती हीच.

मात्र त्या पोराचा अर्थही अगदीच वाया जात नाही. येशू म्हणतो, पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला जीव 'खंडणी' म्हणून द्यायला मी आलो. मूळ ग्रीक शब्द गुलाम किंवा कैदी सोडवायला मोजलेल्या किमतीचा आहे. ज्यांनी मराठीत आणला त्यांच्या कानात बखरींतली खंडणी होती. आजच्या पेपरात खंडणी म्हटलं की गुंड आणि पोलीस ठाणं येतं, त्यामुळं तरुण पोरं हे वचन वाचताना अडखळतात. मी त्यांना सांगते, शेजारी पेन्सिलीनं लिहा, 'सोडवणुकीची किंमत'. शब्द झिजतात. म्हणून भाषांतर एकदा करून संपत नाही. मिशनरी विल्यम केरींचा मराठी नवा करार १८११ साली बंगालमधल्या श्रीरामपूरहून निघाला, आणि त्यानंतर किती वेळा तरी मराठीत पुन्हा बसावं लागलं.

अजून एक शब्द: 'मंडळी'. चर्चसाठी आपल्याकडं हा शब्द रुळला तो मला फार आवडतो. त्यात इमारत नाही, माणसं आहेत. जुन्या वळणाचे नवरे बायकोलाही 'आमची मंडळी' म्हणतात, आणि पौलानं मंडळीला ख्रिस्ताची वधू म्हटलंय. भाषांतरकारांनी हे ठरवून केलं नसणार, पण जमलंय खरं.

येशू हा एक अवतार आहे असं म्हटलं तर बिघडलं कुठं?

हिंदू शेजारी हे प्रेमानं म्हणतात, तेव्हा तिथं लगेच भांडायला उभं राहू नये. त्यांच्या दृष्टीनं तो मान आहे. पण आपण शिकताना फरक माहीत हवा. अवतार पुन्हा पुन्हा होतात, युगायुगाला. एक काम असतं, ते झालं की देह सुटतो. शुभवर्तमान लिहिणारा योहान म्हणतो 'शब्द देही झाला', ते एकदाच, आणि परतीचं तिकीट न काढता. पुनरुत्थानानंतरही हातांवरचे खिळ्यांचे व्रण तसेच राहिले, थोमाला ते दाखवले गेले. देवानं माणूसपण अंगरख्यासारखं घातलं आणि काढलं, असं झालं नाही. म्हणून आपण 'देहधारण' म्हणतो. शब्द जड आहे, मान्य. रोजच्या मराठीत 'अवतार'ची दशा काय झालीय तेही बघा. केस विस्कटून पोरगं बाहेर आलं की आई म्हणते, "काय हा अवतार!"

भजन, कीर्तन, ढोलकी, टाळ चर्चमध्ये चालतात का?

एका मंडळीत, नाव नको, आमच्या पोरांनी हंगामाच्या सणाला ढोलकी आणली. एक वडील उठून म्हणाले, "हा तमाशा नव्हे." ढोलकी पिशवीत परत गेली आणि उपासना पेटीवर झाली.

आता पेटीचं बघा. हार्मोनियमचं मूळ युरोपात. तिकडून ती आली, इथल्या कारागिरांनी तिला मांडी घालून वाजवण्याजोगी केली, आणि आज देवळातलं भजन तिच्याशिवाय हलत नाही. परदेशी पेटी पवित्र आणि इथली ढोलकी बाटलेली, हे गणित मला चाळीस वर्षांत सुटलेलं नाही.

मिझोरामची पोरगी आमच्या गटात आहे. हे ऐकून ती म्हणाली, "आमच्याकडंपण असंच होतं." तिथं मिशनरी १८९४ मध्ये पोचले. मिझो लोकांचा 'खुआंग' हा ढोल जुन्या सणांतल्या दारूशी आणि नाचाशी जोडलेला, म्हणून सुरुवातीला चर्चबाहेर ठेवला गेला. पुढं जागृतीच्या लाटा आल्या, लोक गायला लागले, आणि ढोल आपसूक आत आला. आज त्याच्याशिवाय तिथली उपासना होत नाही. कुणी ठराव करून त्याला आत घेतलं नव्हतं, गाणाऱ्यांना तो लागलाच.

आपल्याकडं ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा अहमदनगरकडं एकोणिसाव्या शतकापासून आहे, टिळकांनी स्वतः कीर्तनं रचली. 'उपासना संगीत' हे आपलं गीतांचं पुस्तक उघडा, मराठी चालींवरची पदं पानोपानी सापडतील. नवं काही करायचं नाहीये, विसरलेलं आठवायचंय.

मर्यादा एवढीच, की चाल घेताना तिच्याबरोबर काय येतंय ते बघावं. सिनेमातल्या उडत्या गाण्याच्या चालीवर वधस्तंभाचं पद बसवलं तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं नटीच येणार.

शेजारून प्रसाद आला तर खायचा का?

यावर आमच्याकडं दोन तास वाद झालेला आहे. एक ताई म्हणाल्या, हात लावायचा नाही. एक दादा म्हणाले, घासानं विश्वास जातो काय? दोघंही पौलाचंच नाव घेत होते, आणि दोघांचंही अर्धं बरोबर होतं.

ग्रीसमधल्या करिंथ शहरात बाजारातलं बरंचसं मांस मूर्तीपुढून आलेलं असायचं. पौल तीन गोष्टी सांगतो (१ करिंथ ८ आणि १०). मूर्ती ही काही नाही, देव एकच. म्हणून बाजारात जे विकतात ते चौकशी न करता खा. कुणी जेवायला बोलावलं तर पुढं वाढलेलं खा. पण कुणी मुद्दाम सांगितलं की 'हे अर्पण केलेलं आहे', तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. आणि ज्याचा विवेक नाजूक आहे, कालपर्यंत जो त्या पूजेत होता, त्याला तुमच्या मोकळेपणामुळं ठेच लागत असेल तर तुमचा मोकळेपणा बाजूला ठेवा.

मी स्वतः प्रसाद म्हणून दिलेलं घेत नाही. घेणाऱ्याला मी बाटगा म्हणत नाही. नकार द्यायची एक रीत असते, ती मात्र शिकावी लागते. तोंड वाकडं करून 'आमच्यात चालत नाही' म्हणणं हे शिष्यत्व नव्हे, तो उद्धटपणा आहे. आमच्या शेजारच्या काकूंना मी लग्न होऊन आले त्या वर्षी हात जोडून सांगितलं, "काकू, तुमच्या हातचं मला सगळं आवडतं, पण देवाला दाखवलेलं मी घेत नाही, राग मानू नका." दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. पुढच्या संकष्टीला दारात उभ्या, हातात झाकलेली वाटी. म्हणाल्या, "घे. नैवेद्य दाखवायच्या आधीच तुझे पाच मोदक काढून ठेवलेत." पंचवीस वर्षं झाली. काकू थकल्या, आता सून काढून ठेवते. आणि नाताळच्या करंज्यांचा पहिला डबा त्यांच्याकडं जातो.

गणपतीची वर्गणी द्यावी का?

पेठेत राहायचं तर हा प्रश्न दरसाल दारात उभा. आम्ही मूर्ती-पूजेसाठी म्हणून देत नाही. मंडळाच्या रक्तदानाला, पूरग्रस्तांच्या मदतीला, वह्यावाटपाला देतो आणि पावतीवर तसं लिहून घेतो. पोरं एव्हाना स्वतःच विचारतात, "टीचर, वह्या का रक्तदान?"

कुंकू, मंगळसूत्र, हळद, बांगड्या?

मंगळसूत्र आमच्या बहुतेक बायका घालतात, त्यात क्रूस असतो. हळद घराघरांत लागते. कुंकवावर जुन्या घरांत नाक मुरडतात, काही नव्या विश्वासणाऱ्या लावतात. शास्त्रात यातल्या कशावरच आज्ञा नाही. प्रश्न असा विचारावा, की मी हे कशासाठी करतेय? नटण्यासाठी, नवऱ्याच्या घरच्यांना दुखवू नये म्हणून, की लावलं नाही तर अपशकुन होईल या भीतीनं? भीती असेल तर ती भीती आधी काढायला हवी, कपाळाचं नंतर बघू. विधवा बाईचं कुंकू पुसायच्या रीतीला मात्र ख्रिस्ती घरात जागा नसावी. दुर्दैवानं अजून आहे.

नाव बदलावं लागतं का?

नाही. रोमच्या मंडळीत हर्मेस नावाचा माणूस होता, किंख्रियात फीबी होती, आणि अपुल्लोस तर मोठा उपदेशक. तिन्ही नावं ग्रीक देवदेवतांची. कुणी बदलायला लावली नाहीत. नारायण टिळक नारायणच राहिले, लक्ष्मीबाई लक्ष्मीबाईच.

ख्रिस्ती माणसात जात नसते ना?

नसायला हवी. असते.

आपल्याकडं 'पंक्तिभेद' असा एक नेमका शब्द आहे, आणि पौलाचं येशूच्या बारा शिष्यांतल्या पेत्राशी जे भांडण झालं ते पंक्तिभेदावरून. गलतीकरांस पत्र, दुसरा अध्याय. अंत्युखियात पेत्र परजातीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंगतीला जेवत होता. यरुशलेमेहून याकोबाकडची माणसं आली, तसा तो हळूच बाजूला सरकला आणि वेगळा बसायला लागला. त्याचं बघून बाकीचे सरकले, बर्णबासुद्धा सरकला. तोंडानं कुणीच काही म्हटलं नव्हतं. पौलानं सगळ्यांदेखत त्याला धरलं, की हे शुभवर्तमानाच्या सत्याला धरून नाही. ताटाच्या जागेवरून! ते काही शिष्टाचाराचं भांडण नव्हतं. माणूस देवापुढं विश्वासानं उभा राहतो की जन्मानं, हा प्रश्न त्या पंगतीत पडलेला होता.

कोल्हापूरकराला हे समजायला जड नाही. शाहू महाराजांनी १९०२ साली नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासवर्गीयांना राखल्या, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. मला त्याहून चहाची गोष्ट जवळची वाटते. गंगाराम कांबळे यांना त्यांनी चहाचं हॉटेल काढायला मदत केली, आणि अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्या माणसाच्या हातचा चहा कोण पिणार असं गाव म्हणत असताना स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्यायले. बरोबरच्यांनाही पाजला. छत्रपतींनी रस्त्यावर उभं राहून पंक्तिभेद मोडला.

आणि आपण? प्रभुभोजनाला एका प्याल्याशी जातो, आणि लेकीला स्थळ आलं की विचारतो, "मूळचे कुठले? आडनाव काय म्हणालात?" मी हे दुसऱ्यांवर ढकलत नाही, आमच्याच घरात माझ्या बहिणीच्या वेळी हे झालंय. चहाच्या बशा मीच धुतल्या होत्या. मिशनऱ्यांनी आणलेलं बाक आपल्याला परकं वाटतं, आणि जात आपली वाटते. वर म्हटलेली वाटसरूची ओढ ती इथं. परकं टाकून द्यायला धाडस लागत नाही.

शिष्यत्व म्हणजे काय? बाप्तिस्मा, दृढीकरण झालं, दर रविवारी जातो, अजून काय?

याचं उत्तर मी तालमीत शिकले. मी काही कुस्ती खेळले नाही, माझा भाऊ खेळायचा आणि मी त्याचा डबा घेऊन जायचे. दारातूनच द्यायचा, बायकांना आत जायला मनाई.

त्या दारातून दिसायचं ते असं. पहिले कित्येक महिने नव्या पोराला कुणी डाव शिकवत नाही. पहाटे उठायचं, हौदातली लाल माती खणायची. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू पडतं, ती पायांनी कालवायची. जोर, बैठका. मोठ्या पैलवानाचं अंग रगडायचं. वस्ताद कोपऱ्यात बसलेला, बोलतो कमी. एखाद्या दिवशी उठतो, पोराची मान धरून दोन बोटं खाली करतो आणि परत जाऊन बसतो. ती दोन बोटं म्हणजे वर्षभराचं शिक्षण. आणि वस्ताद नुसतं लढणं शिकवत नाही. काय खायचं, कधी निजायचं, गल्लीत कसं चालायचं, सगळ्यावर त्याची नजर. पठ्ठ्याच्या चालण्यावरून लोक ओळखतात की हा कुठल्या तालमीचा.

शुभवर्तमानातला 'शिष्य' असा आहे. येशूनं बारा जणांना वही काढायला सांगितली नाही, 'माझ्यामागं या' म्हटलं. तीनेक वर्षं ते त्याच्याबरोबर चालले, जेवले, चुकले, ओरडा खाल्ला. आपण मात्र बारा धड्यांचं पुस्तक आणतो, रिकाम्या जागा भरून घेतो, शेवटी प्रमाणपत्र देतो. हा वर्गातला साचा बाहेरून आला आणि आपण तो जसाच्या तसा घेतला. वाईट नाही तो, अपुरा आहे. ज्या गावात तालीम आहे त्या गावानं तरी शिष्यत्वाला वर्ग समजू नये.

तालमीची उपमा एका जागी मोडते. तिथं सगळी मेहनत समोरच्याला चीत करायला असते. वधस्तंभाच्या आदल्या रात्री आपला वस्ताद उठला, कमरेला रुमाल बांधला आणि पठ्ठ्यांचे पाय धुवायला बसला. पेत्र म्हणाला, माझे पाय तू कधीही धुवायचे नाहीस. मीही हेच म्हणाले असते.

ख्रिस्ती लोक उपवास करतात का?

करतात, आपणच विसरलोय. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स मंडळीत वर्षातले १८० च्या वर दिवस उपवासाचे. मांस, दूध, अंडी बंद. आपल्याकडं चाळीस दिवसांच्या उपवासकाळात एखादा शुक्रवार धरला तर धरला. साबुदाणा खिचडीला हरकत नाही, पण ती चापून खाल्ल्यावर त्याला उपवास म्हणू नका.

घरात मी एकटीच विश्वास ठेवते. नवरा, सासू यांच्याशी कसं वागू?

घाई करू नका, आणि घर सोडायच्या गप्पा तर नकोतच. नारायणराव टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या पाच वर्षांत त्यांनी ताटातूट सोसली, सोवळ्या-ओवळ्याचा झगडा केला, रडल्या, भांडल्या. दुसऱ्याच्या हातचं पाणी प्यायचं की नाही इथून त्यांची वाट सुरू झाली, आणि ती त्या आपल्या पायांनी चालल्या. नवऱ्यानं ओढून नेलं असतं तर 'स्मृतिचित्रे'तला तो स्वतःवर हसणारा आवाज आपल्याला मिळाला नसता, असं मला वाटतं.

पेत्राच्या पहिल्या पत्रात बायकांना सांगितलंय, की न बोलता नुसत्या वागण्यानं घरच्यांना जिंकता येतं. हे वचन मार खाऊन गप्प बसायला सांगतं असं कुणी म्हणत असेल तर ऐकू नका. मारहाण होत असेल तर ताबडतोब आम्हाला सांगा, आणि पोलिसांनाही.

बाहेरगावच्या, वेगळ्या भाषेच्या विश्वासणाऱ्यांकडून आम्ही काय शिकायचं? त्यांची पद्धत वेगळी.

वेगळी आहे म्हणूनच. कोरियातल्या मंडळ्या पहाटे अंधारात प्रार्थनेला जमतात, आणि सगळे एकदम मोठ्यानं प्रार्थना करतात. आम्ही एकदा करून बघितलं, शेजारच्या काकू धावत आल्या की कोण वारलं. पण पहाट आपल्याला परकी नाही, काकडआरतीचं गाव आहे हे.

सगळ्यात खोल गेलं ते त्या मिझो पोरीनं सांगितलेलं. तिच्या आजीच्या घरी भात शिजवायला घेताना दर वेळी एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात जातो. 'बुहफाई थाम' म्हणतात त्याला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मिझो बायकांनी हे चालवलंय. मुठीमुठीनं जमलेला तांदूळ विकून सुवार्तिक पाठवले जातात. हातात पैसा नसलेल्या बायकांनी आपल्या चुलीवरून हे उभं केलं. ती सांगत होती तेव्हा आमच्यातल्या एक मावशी, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या, एकदम म्हणाल्या, "एवढं तर मलापण जमंल की गं." पुढच्या गुरुवारी कॅरीबॅगेत अर्धा किलो इंद्रायणी घेऊन आल्या. आता आमच्या स्वयंपाकघरात त्याचा एक पत्र्याचा डबा आहे.

गुरुवारी यायचं असेल तर काय आणावं लागतं? चप्पल काढायची का? ख्रिस्ती असायलाच हवं का?

ख्रिस्ती असायला नको. शास्त्र नसेल तर आमच्याकडं जादा प्रती आहेत, मोठ्या अक्षरातलीसुद्धा. साडेसहा म्हटलंय म्हणजे पावणेसात. चप्पल पायरीच्या डाव्या बाजूला काढा, कापशी कोल्हापुरी असली तर आत आणून ठेवा, मागं दोन जोड गेलेत. चहा सुरुवातीलाच मिळतो. प्रश्न विचारून झाल्यावर दिला तर गार होतो.